लाकडावरची लादी : जुन्या घरांतल्या स्वयंपाकघराचा एक अडलेला प्रश्न

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वरच्या जुन्या चाळींत किंवा पुण्याच्या पेठांमधल्या उरल्यासुरल्या वाड्यांत कुणी स्वयंपाकघर नवे करायला काढले की आधी ओट्याची चर्चा होते आणि मग लादीची. ओट्याचे अर्ध्या दिवसात ठरते. लादीचे अडते, कारण खोली वरच्या मजल्यावर असेल तर लादीखाली स्लॅब नसतो. तुळया असतात, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि या सगळ्याखाली दुसऱ्या कुणाचे तरी घर असते.

गवंडी म्हणतो, दोन इंच माल टाकून देतो, पन्नास वर्षं बघायला नको. टाइल्सच्या दुकानातला मुलगा म्हणतो, आता माल कोण वापरतं, केमिकल घ्या. ओळखीतला अभियंता म्हणतो, काय हवे ते करा, पण वजन वाढवू नका. आणि न्यू जर्सीतला मामेभाऊ व्हिडिओ कॉलवर नारिंगी रंगाची चटई दाखवतो : आमच्याकडे घरे लाकडाचीच, यावर बिनधास्त बसवतात. चौघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण गवंडी सपाटीबद्दल बोलतो, दुकानदार चिकटण्याबद्दल, अभियंता भाराबद्दल आणि मामेभाऊ कोरड्या स्वयंपाकघराबद्दल. घरमालकाला मात्र ही एकाच प्रश्नाची चार उत्तरे वाटतात आणि तो त्यातले सगळ्यात स्वस्त निवडतो. हे चार प्रश्न सुटे करून, प्रत्येकाबाबत आज आपण कुठे आहोत ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे. (मुंबईकर ज्याला लादी म्हणतो त्याला पुणेकर फरशी म्हणतो. या लेखात दोन्ही शब्द येतील, वाद फक्त तिच्याखालच्या लाकडाचा आहे.)

जुन्या जमिनीत काय असे

लाकडी मजल्यावर दगड किंवा लादी घालणे ही आजची टूम नाही. वाड्याच्या माडीची रचना कडीपाटाची : खांबांवर तुळई, तुळईवर थोड्या थोड्या अंतराने कड्या, कड्यांवर सागवानी पाट. खालच्या माणसाला दिसते ते छत हेच. वरच्या माणसाचा पाय मात्र या पाटांवर थेट पडत नसे. पाटांवर मातीचा, कुठे विटांच्या तुकड्यांचा थर पसरून, चोपून सपाट केलेला असे आणि वर शेणाचे सारवण. ऐपत असेल तिथे सारवणाच्या जागी शहाबादी फरशी येई. मुंबईच्या चाळींत सागवान बहुधा ब्रह्मदेशातून आलेले, फळ्यांवर चुन्याचा कोबा आणि त्यावर फरशी किंवा पुढे सिमेंटची रंगीत लादी. त्या लादीचा स्वदेशी कारखाना, भारत टाइल्स, १९२२ साली सुरू झाला आणि त्या लाद्यांची नक्षी आजही कित्येक चाळींच्या खोल्यांत पायाखाली आहे.

या जमिनी ऐंशी-शंभर वर्षे टिकल्या, त्यामागे तीन गोष्टी होत्या. एक म्हणजे लाकूड आणि लादी यांची घट्ट गाठ कुणी बांधली नव्हती. मध्ये माती किंवा कोबा होता. पावसाळ्यात फळी फुगली तर ती त्या थराखाली सरकत असे, लादीला त्याची खबर लागत नसे. दुसरी गोष्ट चुन्याची. चुना सिमेंटपेक्षा मऊ असतो, थोडे वाकणे सहन करतो आणि आतला ओलावा बाहेर जाऊ देतो. तिसरी लादीच्या आकाराची. आठ इंची लादीला सांधे जास्त, त्यामुळे मधोमध झोल पडलेल्या खोलीतही ती त्या झोलाच्या अंगाने बसत गेली.

या जमिनीची किंमत वजनात मोजावी लागे. चार इंच चोपलेल्या मातीचे वजन दर चौरस मीटरला दीडशे किलोंच्या वर जाते. आजचे भारतीय मानक घरातल्या खोल्या आणि स्वयंपाकघर यांसाठी माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरमागे साधारण २०० किलोंचा भार धरायला सांगते. म्हणजे नुसती माती जवळजवळ तेवढाच भार कायमचा घालून बसलेली असे. वाड्यांच्या तुळया एवढ्या धिप्पाड का, याचे निदान अर्धे उत्तर इथे मिळते.

लाकूड हलते, लादी हलत नाही

तांत्रिक वादाचे मूळ एवढेच आहे, पण त्यात दोन वेगवेगळ्या हालचाली मिसळलेल्या असतात.

पहिली हालचाल ओलाव्याची. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, आणि त्याबरोबर फुगते-आक्रसते. लांबीत हा फरक जवळपास नगण्य, रुंदीत मात्र चांगलाच. सागवान या बाबतीत गुणी लाकूड आहे. ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत त्याची फळी रुंदीत जास्तीत जास्त ६ टक्क्यांच्या आसपास आक्रसते. अमेरिकेतला रेड ओक याच प्रवासात साडेआठ टक्क्यांच्या घरात जातो. तरीही नऊ इंची सागवानी फळीत जुलै आणि फेब्रुवारी यांच्या दरम्यान ओलाव्याचा ५ टक्के फरक पडला तर तिची रुंदी सुमारे २ मिलिमीटरने बदलते. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे ती जागची हलत नाही. दोघांना कडक सिमेंटने बांधून टाकले की कुणीतरी फुटणार. बहुतेक वेळा सांधा फुटतो, मग लादी पोकळ वाजू लागते आणि एका पावसाळ्यात उचलते.

दुसरी हालचाल वाकण्याची. कडीवर भार आला की ती मध्यात खाली जाते. किती जावी याची मर्यादा जगभर जवळपास एकच धरली आहे : गाळ्याच्या लांबीचा ३६०वा भाग. अमेरिकेतला लादी-उद्योग सिरॅमिकसाठी हाच आकडा वापरतो आणि नैसर्गिक दगडासाठी तो निम्मा, म्हणजे ७२०वा भाग करतो. पुष्कळांना हा आकडा परदेशी वाटतो, पण लाकडी बांधकामाच्या आपल्या मानकात, आयएस ८८३ मध्ये, लादीसारख्या ठिसूळ वस्तू पेलणाऱ्या लाकडी तुळयांसाठी ३६०वा भाग हीच मर्यादा घातलेली आहे. इतर तुळयांना २४०वा भाग चालतो. बारा फुटी खोलीत याचा अर्थ सिरॅमिकसाठी साधारण १० मिलिमीटर आणि कडप्प्यासारख्या दगडासाठी ५.

या आकड्यावरही सगळे समाधानी नाहीत. तो सबंध कडीचे वाकणे मोजतो. दोन कड्यांच्या मधली फळी स्वतंत्रपणे वाकते आणि कडीच्या डोक्यावर तिचा उंचवटा होतो, ते तो मोजत नाही. प्रत्यक्षात चिरा बहुतेक वेळा त्या उंचवट्याच्या रेषेतच पडतात, कडीला समांतर, पट्टीने आखल्यासारख्या. शिवाय हा हिशेब खोलीभर सारखा पसरलेला भार गृहीत धरतो. आपल्या स्वयंपाकघरातला भार तसा कधी नसतो. पाण्याचे २०० लिटरचे पिंप भरले की दोन हातांत मावणाऱ्या जागेवर २०० किलो उभे राहतात. जमिनीवर आपटून नारळ फोडणे, खलबत्त्यात कुटणे, पाटा-वरवंटा यांचा हिशेब कोणत्याच मानकात नाही. खालच्या बिऱ्हाडाला मात्र तो तोंडपाठ असतो.

अमेरिकेत हा वाद कसा पुढे गेला

लाकडी जमिनीवर लादी या विषयावर सर्वांत जास्त विचार उत्तर अमेरिकेत झाला, कारण तिथे सामान्य माणसाचे घर लाकडी सांगाड्याचेच असते. आणि तिथली सुरुवातही आपल्या गवंड्यासारखीच होती. फळ्यांवर डांबरी कागद, त्यावर तारेची जाळी, त्यावर सव्वा ते दोन इंच माल आणि मग लादी. हा माल बसवायला उंची मिळावी म्हणून जुन्या घरांत कड्यांची डोकी तासून निमुळती करत आणि फळ्या कड्यांच्या मधे खाली बसवत. म्हणजे भार वाढवायचा आणि पेलणाराच बारीक करायचा! आज तिकडची जुनी न्हाणीघरे उघडणारे कारागीर या तासलेल्या कड्या पाहून कपाळाला हात लावतात.

गेल्या शतकाच्या मध्यावर पातळ थराने लादी चिकटवण्याचा मसाला आला. हेन्री रॉथबर्ग या रसायन अभियंत्याने रबरी द्रव मिसळलेला मसाला तयार करून १९५६ साली लॅटिक्रीट ही कंपनी काढली. दोन इंचांचे काम पाव इंचात होऊ लागले. वजनाचा प्रश्न सुटला, पण मधला सैल थर गेला आणि लादी थेट लाकडाला जाऊन भिडली. पुढची तीस वर्षे तिथले कारागीर हा गेलेला थर वेगवेगळ्या मार्गांनी परत आणत होते असे म्हटले तरी चालेल. फळ्यांवर प्लायवूडचा दुसरा थर आला. नंतर सिमेंट बोर्ड आला. तो स्क्रूने बसवायचा, त्याच्याखाली मसाल्याचा पातळ हात द्यायचा, असा नियम झाला. सिमेंट बोर्डबद्दल एक गैरसमज तिथेही होता आणि इथेही आहे, की तो जमीन ताठ करतो. तसे होत नाही. चिकटायला चांगला पृष्ठभाग देणे आणि ओल्याने न फुगणे एवढेच त्याचे काम आहे.

मग जर्मनीहून १९८७ साली श्ल्यूटर कंपनीची ती नारिंगी चटई आली. पातळ प्लास्टिकमध्ये चौकोनी खळगे, खाली लोकरीसारखे अस्तर. खालचे अस्तर लाकडाला चिकटते, वरचे खळगे लादीच्या मसाल्याला धरतात, आणि मधल्या पोकळीमुळे दोघांना आडवे थोडे स्वतंत्र हलता येते. वाड्यातल्या मातीच्या थराचे हेच तर काम होते. चार इंचांऐवजी ते तीन मिलिमीटरमध्ये होते आणि वजन नावापुरते लागते, हा फरक मोठा, पण तत्त्व ओळखीचे.

तिथला वाद आज संपलेला नाही. जाड मालाचे जुने कारागीर म्हणतात, आमच्या कामासारखी सपाटी कशातच येत नाही. चटईवाले म्हणतात, चिरा आडव्या ओढीने पडतात आणि ती ओढ आम्हीच तोडतो. प्लायवूडचे दोन थर नीट, एकमेकांचे सांधे चुकवून घातले तर चटईची गरजच नाही, असे मानणाराही गट आहे. एका गोष्टीवर मात्र सगळे एक आहेत : कडी कमकुवत असेल तर वरची कोणतीही वस्तू तिला वाचवत नाही. चटई आडवी हालचाल सोसते. उभे वाकणे ती सोसत नाही, आणि हे तिच्या जाहिरातीपेक्षा तिच्या माहितीपत्रकात जास्त स्पष्ट लिहिलेले असते.

तिकडे घरे घेतलेल्या मराठी कुटुंबांसमोर आणखी एक पेच असतो, तो इथे एका परिच्छेदात. जुन्या अमेरिकी स्वयंपाकघरांत, विशेषतः १९८० पूर्वीच्या, लाकडावर नऊ इंची चौकोनी विनाइल लादी आणि तिच्याखाली काळा डिंक सापडतो. दोन्हींत ॲस्बेस्टॉस असू शकते. अशा वेळी उखडण्यापेक्षा ते न छेडता झाकणे सुरक्षित ठरते, तपासणी करून आणि उंची जुळत असेल तर. ‘आधी सगळे साफ करा’ हा आपला हमखास सल्ला तिथे उलटा पडतो.

आपल्याकडचे पक्ष

आता पुन्हा गिरगावात. आठ बाय दहा फुटांचे स्वयंपाकघर घेऊ, म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. दोन इंच माल आणि वर १० मिलिमीटरची व्हिट्रिफाइड लादी, यांचे वजन नऊशे किलोंच्या आसपास भरते. बारा मिलिमीटरचा प्लायवूड, चिकटवण्याचा मसाला आणि ८ मिलिमीटरची सिरॅमिक लादी यांचे अडीचशे किलो. नुसती विनाइलची गुंडाळी पसरली तर पंचवीस-तीस किलो. पुढचा सगळा वाद या तीन आकड्यांभोवती फिरतो.

जाड मालाच्या बाजूने बोलणाऱ्या गवंड्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे आणि चुकीचेही. त्यांच्यासमोर असलेली जमीन सपाट नसते. खोलीच्या कडेला आणि मध्यात इंच-दीड इंचाचा फरक असतो. पाव इंचाच्या मसाल्याने हा फरक भरून निघत नाही, आणि गिऱ्हाईकाला दोन बाय दोन फुटांची चकचकीत लादी हवी असते. पंधरा इंचांहून मोठ्या लादीला दहा फुटांत आठवा इंच, म्हणजे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार चालत नाही, असा अमेरिकी नियम आहे. शंभर वर्षांच्या कडीपाटावर ही सपाटी मिळवायची तर माल हाच हाताशी असलेला उपाय. शिवाय जुनी माती किंवा कोबा काढून टाकला तर एकूण वजन वाढत नाही, उलट कमी होते, हा त्यांचा मुद्दा हिशेबाने बरोबर आहे.

याला अभियंत्यांचे उत्तर असे. माल मध्यात जास्त पडतो, कारण झोल मध्यात असतो, आणि नेमक्या मध्यात पडलेला भारच कडीला जास्त वाकवतो. लाकडाचा आणखी एक स्वभाव आहे : कायमच्या भाराखाली ते वर्षानुवर्षे हळूहळू आणखी वाकत जाते. सुरुवातीच्या वाकण्याइतकेच पुन्हा वाकणे अशक्य नाही. म्हणजे पाणसळ लावून सपाट केलेली जमीन काही वर्षांनी पुन्हा खोलगट, आणि तेव्हा पुन्हा माल. काही चाळींत लादीवर लादी अशा तीन-तीन पिढ्या सापडतात. शहाबादी, तिच्यावर मोझॅक, तिच्यावर ‘स्पार्टेक’, जे नाव एका कंपनीचे असूनही आपल्याकडे सिरॅमिक लादीचेच नाव होऊन गेले. जुनी माती काढण्याच्या मुद्द्यालाही एक पुरवणी लागते. उखडताना निघालेला राडारोडा गोण्यांत भरून चार दिवस खोलीच्या एका कोपऱ्यात रचून ठेवतात, आणि त्या चार दिवसांत त्या कोपऱ्यातल्या कडीने आयुष्यात पाहिला नसेल एवढा भार पाहिलेला असतो.

पातळ थराचा पक्ष आता मुंबईत जोर धरतो आहे. फळ्यांची डागडुजी, त्यांवर पाणी सोसणारा प्लायवूड किंवा सिमेंट बोर्ड, त्यावर लवचीक मसाला आणि लहान आकाराची लादी. लवचीकपणाही मोजता येतो. युरोपीय मानकात एस-१ आणि एस-२ असे दोन वर्ग आहेत, आणि मसाल्याची पट्टी तुटण्याआधी अनुक्रमे अडीच आणि पाच मिलिमीटर वाकली तर तो वर्ग मिळतो. भारतात चिकटवण्याच्या मसाल्यांसाठी आयएस १५४७७ हे मानक आहे. अडचण कारागिरीची. गवंडी ज्याला सरसकट ‘केमिकल’ म्हणतो त्यात लाकडासाठीचे कोणते आणि स्लॅबसाठीचे कोणते, हे गोणीवर वाचले जात नाही. दातेरी थापी बाजूला राहते, लादीच्या पाठीवर पाच गोळे ठेवून ती दाबली जाते, आणि मधल्या पोकळीवर पहिला कुकर पडतो तेव्हा कळते. भिंतीलगत पाव इंच फट मोकळी ठेवायची हा पातळ थराचा प्राण, पण फट म्हणजे कामातली खोट अशी आपली समजूत. ती सिमेंटने लिंपली जाते, वर स्कर्टिंग बसते आणि जमिनीला हलायला जागा उरत नाही.

वारसा-वास्तूंचे काम करणारे वास्तुविशारद बहुधा तिसऱ्या बाजूला असतात. त्यांचे म्हणणे, वरच्या मजल्यावर लादीच नको. भराव काढा, फळ्या दुरुस्त करा, लाकूड लाकडासारखे वापरा. फार तर विनाइल पसरा, म्हणजे पुढच्याला ते काढता येईल. तत्त्व म्हणून हे मला पटते. रोज पोळ्यांचे पीठ सांडणाऱ्या, फोडणी उडणाऱ्या जागेत ते किती दिवस निभते, याबद्दल मात्र घरातल्या बाईला विचारलेले बरे.

लाकूडच काढून लोखंडी आय-बीम आणि वर काँक्रीट घालावे, हा चौथा मार्ग. तो झाला की लादीचा प्रश्नच मिटतो, पण त्या काँक्रीटचे वजन ज्या खांबांवर आणि भिंतींवर जाते ते जुनेच असतात. याचेच सौम्य रूप म्हणजे कड्यांच्या मध्यावर खालून एक आडवा बीम देणे. गाळा निम्मा झाला की सारख्या पसरलेल्या भाराखालचे वाकणे सोळाव्या हिश्शावर येते. जमीन ताठ करण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. तो बीम खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावरून जातो, एवढीच त्यात मेख.

मोरी

अमेरिकेतला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही, याचे सगळ्यात मोठे कारण मोरी आहे. तिकडचे स्वयंपाकघर कोरडे असते. जमिनीला निचरा नसतो, ती पुसतात, धूत नाहीत. बादलीभर पाणी ओतून खराट्याने ढकलणे ही कल्पनाच तिथे नाही. आपल्या चाळीतल्या खोलीत मोरी स्वयंपाकघरातच असते. भांडी तिथे, कपडे तिथे, पहाटे पाणी आले की पिंपे भरणे तिथे आणि कित्येक घरांत आंघोळही तिथेच.

लाकडात २० टक्क्यांवर ओलावा टिकून राहिला की बुरशीला घर मिळते, आणि वाळवीलाही ओलच आवडते. चाळीतल्या तुळया कुजतात त्या बहुतेक मोरीखाली आणि संडासाला लागून, खोलीच्या मध्यात क्वचितच. म्हणून लादी फुटली की नाही यापेक्षा मोरीच्या कडेचा सांधा पाणी धरतो का, हा प्रश्न मोठा. यावरही दोन मते आहेत. एक मत सगळी जमीन जलरोधक थराने बंद करून भिंतीवर वीतभर चढवण्याचे. दुसरे मत सांगते, बंद केलेल्या थरात एखादे छिद्र राहिलेच तर आत गेलेले पाणी वर सुकणार नाही, ते लाकडातच बसेल. जुना कडीपाट खालून उघडा असल्याने खालच्या बाजूने सुकत असे. पण आता खालच्या बिऱ्हाडाने पीओपीचे फॉल्स सीलिंग केलेले असते. वरून चटई, खालून पीओपी, मध्ये शंभर वर्षांचे सागवान श्वास कोंडून. या दोन मतांचा निकाल अजून लागलेला नाही. माझा स्वतःचा कल मोरीपुरते लाकूडच काढून तिथे लोखंडाच्या आधारावर वेगळा तुकडा करण्याकडे आहे, आणि उरलेल्या खोलीत पातळ थर.

जमीन कुणाची

हा प्रश्न अभियांत्रिकीचा उरत नाही तो इथे. मुंबईच्या बेटावर १९६९ च्या कायद्याखाली दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतींची मूळ संख्या १९,६४२ होती. त्यांतल्या १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात येतात, आणि लाकडी मजल्यांचा मोठा भाग याच वर्गात. तुळईला टेकू लावणे, ती बदलणे हे काम म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचे किंवा मालकाचे. खोलीतली लादी भाडेकरूची. एकाच जमिनीचा वरचा इंच एकाचा आणि खालचे सगळे दुसऱ्याचे, अशी ही वाटणी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ भाडेकरूला मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचे बांधकाम करू देत नाही, केले तर ते घर सोडायला लावण्याचे कारण होऊ शकते. कायमच्या बांधकामात काय धरायचे नाही, याची यादी त्याच कलमात आहे, आणि तीत स्वयंपाकघरातला उभ्याचा ओटा स्पष्टपणे आहे. कायदा करणाऱ्यांनी उभ्याने स्वयंपाक करण्याची सोय ध्यानात ठेवली, ही मला त्या कायद्यातली सगळ्यात माणूसपणाची ओळ वाटते. लादीचे नाव मात्र त्या यादीत नाही. नवी लादी हे बांधकाम की नुसती डागडुजी, हे मग जो तो आपल्या सोयीने वाचतो.

भाडेकरूही आपल्या परीने हिशेबी वागतो. इमारत पुनर्विकासात जाणार असे वीस वर्षे ऐकत आलेला माणूस तुळईवर पैसे घालत नाही, लादीवर घालतो. लादी दिसते, पाहुण्यांना दाखवता येते. खालच्या मजल्यावरून बीम द्यायचा तर खालच्यांची परवानगी, मालकाची, मंडळाची. त्यापेक्षा दोन दिवसांत गवंडी काम उरकून जातो.

काय अजून ठरलेले नाही

लादीच्या जमिनींची अमेरिकेतली प्रमाण चाचणी अशी असते : नव्या प्लायवूडवर नमुना बांधायचा, तीन चाकांचा वजनदार गाडा त्यावर गोल फिरवायचा आणि किती फेऱ्यांनी काय फुटते ते पाहून घरगुती, हलका, मध्यम, जड असे वर्ग द्यायचे. ही चाचणी काही तासांत संपते. तीत चार पावसाळे नसतात, मोरी नसते, आणि खाली शंभर वर्षे वाकलेले सागवानही नसते. त्यामुळे चटईच्या खोक्यावरचा वर्ग गिरगावात किती खरा, हे त्या वर्गावरून सांगता येत नाही.

चुन्याचेही तसेच. जुन्या वास्तूंच्या कामात चुना परत आला आहे आणि लाकडावर चुन्याचा पातळ, हलका कोबा हा तार्किकदृष्ट्या आकर्षक पर्याय आहे. पण व्हिट्रिफाइड लादी पाणीच पीत नाही, त्यामुळे चुन्याच्या साध्या मालाला ती धरत नाही. चुना हवा तर लादीही शहाबादी किंवा सिमेंटची, पाणी पिणारी हवी, आणि ती आली की वजन पुन्हा वर जाते. हलका आणि तरीही चुन्याशी जमणारा वरचा थर कोणता, याचे समाधानकारक उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

जुन्या लाकडाची ताकद कशी मोजायची हा तिसरा प्रश्न. ठोकून येणारा आवाज, टोचून पाहणे, ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र, एवढ्यावर बहुतेक निर्णय होतात. बाहेरून कोरी दिसणारी तुळई भिंतीत शिरते त्या टोकाला भुसा झालेली असू शकते, आणि ते टोक प्लास्टरखाली असते.

म्हणून लादीच्या दुकानात जाण्याआधी एक मजला खाली उतरावे. जुलै-ऑगस्टमध्ये, खालच्यांच्या सवडीने. फॉल्स सीलिंग असेल तर मोरीखालचा एक चौकोन उघडून देण्याची विनंती करावी आणि तो पुन्हा बसवण्याचा खर्च आपण द्यावा. बॅटरी मारून कड्यांची टोके, पाण्याचे डाग आणि वाळवीच्या मातीच्या रेघा पाहाव्यात. मोरीच्या कोपऱ्याखालची फळी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघावी. ते अर्धा इंच आत गेले तर या वर्षी लादीचे पैसे त्या कडीवर घालावेत.